चाकाजवळची जागा

देवकीने आणलेलं मातीचं छोटं बुडकुलं बाबाजीने चतुर्थीच्या सकाळी एकदाच हातात घेतलं होतं. छातीशी धरून त्याने ते जनेलातून येणाऱ्या उजेडात फिरवलं, काठाखालून अंगठा फिरवला आणि गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या माटोळीखाली जिथे होतं तिथेच परत ठेवलं. बोलला काहीच नाही. त्याला आता दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. जेवणं आटोपली होती, संध्याकाळी गणपती पोचवायचा होता, आणि उद्या सकाळी लेक गौरवी तिला गाडीतून कोरगावला परत नेणार होती. बाबाजी अजून गप्पच होता.

देवकीला भावाचं गप्प राहणं नवीन नव्हतं. त्यांच्या बापाच्या, दादू कुंभाराच्या, या डिचोलीच्या घरात पुरुष कमीच बोलत. दादू तर मेला तोही कुणाला हाक न मारता. पण दीड दिवसाच्या गणपतीला दीड दिवसच असतो, आणि ती या वेळी नुसती माहेरपणाला आली नव्हती. नवरा शांताराम गेल्यापासून सासरचा गणपती धाकट्या दिराकडे गेला होता, म्हणून तीन वर्षं ती चतुर्थीला भावाकडे येत होती. मागच्या वर्षी बोलायचं धाडस झालं नाही. या वर्षी वाटेत गाडीत तिने गौरवीला सगळं सांगून ठेवलं होतं, आणि लेकीने मान डोलावली होती. मामाकडे विषय काढ, मी तुझ्या बाजूने आहे, असं ती म्हणाली होती.

विषय मात्र काढला साईशने.

साईश हा बाबाजीचा एकुलता मुलगा. औषधांच्या कारखान्यात पाळ्या करायचा, आणि चतुर्थीला मिळालेल्या दोन सुट्यांत त्याला वर्षभराची कामं उरकायची असत. पानावरून उठल्या उठल्या तो बाहेरच्या खोलीत कदेल ओढून बसला आणि म्हणाला की सगळी माणसं आहेत तोवर एक गोष्ट कानावर घालतो. अंगणातली खोप तो दिवाळीच्या आत पाडणार होता. गवंडी ठरला होता. खोपीच्या जागेवर बाबांसाठी एक खोली आणि खोलीला लागून न्हाणी, एवढंच बांधायचं होतं.

खोप म्हणजे चाकाची जागा. त्यात चाक, मातीचा खड्डा, सुकायला ठेवलेल्या मडक्यांच्या फळ्या आणि मागच्या अंगाला मडकी भाजायचा आवा. बाबाजीचे हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागले, तेव्हापासून चाकावर गोणपाट पडलं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं की औषधाने थोडं आवरेल, पण जाणार नाही. आधी हातच होते, आता पायही अडखळत. न्हाणीघर परसात होतं, तीन पायऱ्या उतरून. पावसाळ्यात तो तिथे दोनदा पडला होता, आणि दुसऱ्या वेळी त्याला उचलताना त्याच्या बायकोच्या, नंदावयनीच्या, पाठीत जी कळ भरली ती अजून गेली नव्हती.

साईशच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. देवकीला तेच कठीण गेलं. त्याने खोप भाड्याच्या खोल्यांसाठी मागितली असती तर तिला भांडता आलं असतं. बापाला धड न्हाणी मिळावी म्हणणाऱ्या मुलाशी कसं भांडायचं?

तरी ती बोलली. आपला आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला.

"साईश, खोप पाडू नको. माका जाय ती."

कुणालाच नीट कळलं नाही. नंदावयनी आतून नेवऱ्यांचं ताट घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. साईशने विचारलं की खोप घेऊन आते काय करणार.

"चाकार बसतलंय," देवकी म्हणाली. "हंय रवून. बाबाजीदादाच्या बाजूक."

मग तिने सांगायचं ते सांगून टाकलं, जमेल तसं, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. शांताराम गेला त्या वर्षी ती घरात बोलेनाशी झाली होती. दुकान पुतण्याने घेतलं, दिवस सरेना. तेव्हा गौरवीनेच तिला धरून प्राजक्ताकडे नेलं. ही प्राजक्ता कलेचं शिक्षण घेतलेली पोर. कोरगावच्या डोंगराखाली तिने शेड घालून विजेची दोन चाकं मांडली होती आणि येईल त्याला शिकवायची. देवकी पहिल्या दिवशी नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने गोळा हातात घेतला. त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

हे घरात सगळ्यांना थोडंफार ठाऊक होतं. आतेला म्हातारपणी छंद लागला, असं साईशची बायको फोनवर कुणाला तरी हसत सांगत असल्याचं देवकीने ऐकलंही होतं. जे कुणाला ठाऊक नव्हतं ते सांगायला तिला शब्द मिळेनात. लग्न होऊन गेली त्या पहिल्याच भाद्रपदात सासूने तिला माटोळीचं सामान गोळा करायला डोंगरावर नेलं होतं. कुंभाराच्या घरातली पोर, तिला मातीखेरीज कशाची ओळख नव्हती. सासू एकेक वस्तू खुडून तिच्या ओच्यात टाकत गेली. पाच पंखांचं माट्टीचं फळ, काटेरी अंगाचं फागल, लाल अंगावर पांढऱ्या रेघा ओढलेलं कवंडळ, हलवली की आत बी वाजणारी घागऱ्यांची शेंग. त्यानंतर दर वर्षी ती जात राहिली. सासू गेल्यावर एकटी जात राहिली. आणि दर वर्षी ती फळं हातात घेतली की तिच्या मनात एकच यायचं, की हे मातीत कसं उठवता येईल. पाच पंख आतून बोटाने ढकलून काढावे लागतील, भांडं ओलं आहे तोवरच. कवंडळाच्या रेघा मात्र पांढऱ्या मातीच्या पातळ गाऱ्याने काढाव्या लागतील. इतकी वर्षं तिने असली भांडी नुसती डोक्यात घडवली आणि डोक्यातच मोडली. बाजारात डाळ-तांदूळ मोजताना, पोरीची वेणी घालताना. शांतारामला तिने हे कधी सांगितलं नाही. तो चांगला माणूस होता, हसला नसता. पण त्याला कळलंही नसतं.

यातलं तिने एवढंच सांगितलं की प्राजक्ताची माती विकतची, पिशवीतून येते, आणि तिला आपल्या सर्वणच्या मळ्यातल्या मातीत काम करायचं आहे, दादूच्या चाकावर. त्या बुडकुल्याकडे तिने बोट दाखवलं नाही. पाच पंखांचं ते बुडकुलं माटोळीखाली खऱ्या माट्टीच्या फळांशेजारी बसलं होतं, आणि सगळे त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

साईश तिला तोडून बोलला नाही. त्याने शांतपणे विचारलं की मग बाबांची खोली कुठे बांधायची. पुढच्या बाजूला रस्ता, मागे शेजाऱ्याची हद्द. तिने गौरवीकडे पाहिलं.

गौरवी भिंतीला टेकून बसली होती. ती पणजीला बँकेत होती, तिथेच राहायची, आणि आठवड्यातून एकदा आईकडे यायची. ती जमिनीकडे बघत म्हणाली की साईशचं खरं आहे. मामाला न्हाणी हवीच. आणि आई इथे राहिली तर कोरगावचं घर बंद पडणार, मामीच्या अंगावर अजून एक माणूस पडणार. आईने प्राजक्ताकडे जायचं ते जावंच, कुणी नाही म्हटलेलं नाही.

"गाडयेत तू वेगळां सांगलंस," देवकी म्हणाली.

"गाडीत मला खोलीचं ठाऊक नव्हतं, आई."

हेही खरंच होतं. त्या दुपारी त्या खोलीत खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि देवकीला वाटत होतं की आपण एकेक पायरी मागे ढकलले जातोय. बाबाजी दाराजवळच्या बाकावर बसला होता. हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते, माणसं जमली की तो तसाच बसायचा. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो माटोळीकडे पाहत होता.

तिला चौदाव्या वर्षाची एक सकाळ आठवली. तिला ती आठवायची नव्हती. या घरात बायका माती मळत, मडकी ठोकत, घोटत, आवा रचत, डोक्यावरून बाजारात नेत. चाकाला मात्र बाईचा हात लागत नसे. का, हे कुणी सांगत नसे. देवकी पोर असताना बाबाजीला पाणी नेऊन द्यायची आणि उभी राहायची. आठ वर्षांनी मोठा तो, आणि त्याचे हात मातीत शिरले की तिला आपलेच शिरल्यासारखे वाटत. एका सकाळी खोपीत कुणी नाही असं बघून ती चाकावर बसली. गोळा मधोमध बसला, खरंच बसला, आणि ती हसणार तोच दादू दारात दिसला. त्याने मारलं नाही. ओरडलाही नाही. तिला उठवून त्याने घागरभर पाणी आणलं, चाक धुतलं, मग त्यापुढे दिवा लावला. बाबाजी मागे उभा होता. चाक धुतलं जात असताना त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग मातीच्या खड्ड्याकडे बघत राहिला. मार बसला असता तर ती विसरली असती. ते धुणं ती विसरली नाही.

साईश आता समजुतीच्या सुरात बोलत होता. आतेने वाईट वाटून घेऊ नये, बाबांनी त्यालाही शिकवायचा प्रयत्न केला होता, वाड्यावरच्या चार पोरांना बोलावून बघितलं होतं, कुणी टिकलं नाही, तो स्वतःही टिकला नाही. दिवस बदलले. आणि शेवटी तो सहज म्हणून गेला,

"आते, चाक ठेवन करूचा काय? आता ह्या घरात कुंभार रवलो कोण?"

"आणि मी कोण रे?"

हे नंदावयनी बोलली. ताट अजून तिच्या हातात होतं. ती सहसा मुलाच्या शब्दाबाहेर जात नसे, आणि खोलीचा हट्ट तर निम्मा तिचाच होता, म्हणून साईश गोंधळून बघत राहिला. तिने ताट खाली ठेवलं.

"लगीन होऊन इलंय त्या दिसापासून मडकी ठोकलंय," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन चाकार काढल्यान ता निम्मा. बूड नसता तेका. बूड मी केलंय, सगळ्यांचा. माका कोणे कुंभार म्हणूक नाय. बरां, माझा जाऊ दे." मग ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "शिकपी पोर घरात होता. पाण्याची कळशी घेऊन दारात उभा होता. तुमी वाड्यावरल्या पोरांका हाका मारीत रवलात."

पंखा फिरत होता. बाहेर कुणाच्या तरी घरी आरती सुरू झाली होती आणि झांजांचा आवाज येत होता. बाबाजीने मांड्यांखालचे हात काढले. ते मोकळे झाले तसे गुडघ्यांवर नाचायला लागले. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला नाही.

"बायकांनी बसू नये म्हणून बापूस सांगी," तो म्हणाला. "बापूस मेलो तेका वीस वर्सां होऊन गेली." मग त्याने निवाडा द्यावा तसं सांगितलं, "खोप पडतली. साईशान सांगलां तसां. चाक बाय घेऊन जातला, कोरगावाक."

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. साईश लगेच म्हणाला की चाक न्यायला तो टेम्पो बघेल. गौरवी उठून आईजवळ आली आणि बघ, झालं ना मनासारखं, असं म्हणत तिने आईचा हात धरला. देवकीने मान हलवली. चाक काय, कोरगावला चाक होतंच, बटण दाबलं की फिरणारं. ती चाकासाठी आली नव्हती. दादाच्या बाजूला बसायला आली होती. पण ते आता म्हणायचं कसं? अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने, इतक्या माणसांत?

तिने नेवरी उचलून तोंडात टाकली आणि छान झाली आहे, असं वयनीला सांगितलं.

संध्याकाळी गणपती नदीवर नेला. दर वर्षी मूर्ती बाबाजीच्या हातात असायची, या वर्षी साईशने घेतली. बाबाजी दारापर्यंत आला, आणि मिरवणूक वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. देवकीने दोनदा मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा त्याचे हात पाठीमागे होते.

सकाळी ती उठली तेव्हा घर शांत होतं. स्वयंपाकघरात पोदेराने दिलेले उंडे पाव कागदात तसेच पडले होते, आणि नंदावयनी चुलीपाशी नव्हती. देवकी परसात आली आणि तिला खोपीचं दार उघडं दिसलं.

आत बाबाजीने चाकावरचं गोणपाट काढलं होतं. ते काढताना त्याला बराच वेळ लागला असणार, कारण तो दमून भिंतीला टेकला होता. नंदावयनी कोपऱ्यात बसून माती मळत होती. खड्ड्यात उरलेली सर्वणची माती तिने भिजवली होती, आणि पाठीला एक हात लावत दुसऱ्या हाताने ती गोळा दाबत होती. देवकी दारातच थांबली. पाणी घेऊन जिथे उभी राहायची त्याच जागी पाय आपोआप थांबले.

"बस," बाबाजी म्हणाला.

ती बसली. चाक जड होतं, दगडासारखं. काठी अडकवून तिने ते फिरवलं तेव्हा खांद्यातून कळ गेली. विजेच्या चाकाला माणसाचा जोर लागत नाही. हे मात्र दिलं तेवढंच परत देत होतं. पहिला गोळा तिने ठेवला आणि हात लावायच्या आतच तो कडेला सरकला. दुसरा बसला, पण वर उचलताना चाक मंदावलं आणि भिंत एका बाजूला लवंडली. घामाने तिचं पोलकं भिजलं. नंदावयनीने तिसरा गोळा पुढे केला.

"असां न्हय," बाबाजी म्हणाला.

"मगे कसां?"

तो बोलायला गेला आणि थांबला. अंगठा, म्हणाला. मग म्हणाला, कोपर. मग नाही नाही अशी मान हलवली. देवकीला कळलं की त्याच्याकडे शब्द नाहीत. त्याला कुणी शब्दांनी शिकवलंच नव्हतं. दादूने मनगटं धरून शिकवलं होतं, आणि दादूला त्याच्या बापाने. साईशला, वाड्यावरच्या पोरांना बाबाजीने तसंच शिकवलं असणार.

तो तिच्या मागे असलेल्या पाटावर टेकला. मग त्याचे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे आले आणि त्याने तिची मनगटं धरली.

हात थंड होते आणि हडकुळे झाले होते. धरल्यावर थरथर कमी झाली, पण गेली नाही. ती त्याच्या बोटांतून तिच्या मनगटात आली आणि मनगटातून मातीत. "फिरय," तो तिच्या कानाशी म्हणाला. तिने काठी मारली. चाकाने वेग घेतला. त्याने तिचं डावं कोपर तिच्याच गुडघ्यावर टेकवलं, उजव्या हाताची बोटं आत घातली, आणि मग माती वर आली. ओढावी लागली नाही, विहिरीचं पाणी चढावं तशी चढली. तिने श्वास धरून ठेवला होता. या एका गोष्टीसाठी तिने काय काय केलं असतं. चौदाव्या वर्षी, विसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षीसुद्धा. त्याच्या हातांनी हे तिला तेव्हा दिलं असतं तर! तेव्हा ते हात स्थिर होते. तिचेही होते.

चाक मंदावत थांबलं. भांडं उभं होतं. लहानसंच, ओंजळीएवढं. त्याच्या सबंध अंगावर बारीक लाटा उठल्या होत्या, एकीत एक मिसळलेल्या, कुठे दाट कुठे विरळ. मयेच्या तळ्यावर सकाळचा वारा उतरला की पाणी असंच शहारतं. तीन वर्षं ती डोंगरावरच्या फळांच्या रेघा मातीत आणायला धडपडत होती, आणि त्या बऱ्या येतही होत्या. पण त्या काढलेल्या दिसत. या काढलेल्या नव्हत्या.

"बरां दिसता गो," नंदावयनी हळूच म्हणाली.

बाबाजीने हात काढून घेतले. पुढे वाकून त्याने भांडं निरखलं, माटोळीखालचं बुडकुलं निरखलं होतं तसं, आणि काठावर नख टेकवलं.

"भिंत सारखी नाय. खंय जाड, खंय पातळ. आव्यात फुटतला, आणि बाजूचां घेऊन फुटतला." तो मागे टेकला. "मोड ता."

देवकीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, कसोटीही नव्हती. दुसऱ्या कुठल्या कुंभाराला त्याने हेच सांगितलं असतं, आणि दादूने त्याला हजारदा सांगितलं असेल. फुटणारं भांडं आव्यात घालायचं नसतं. तिने दोन्ही तळवे भांड्याच्या दोन बाजूंना लावले आणि दाबले. लाटा एकमेकींवर पडल्या, माती मऊ आवाज करत खाली बसली, आणि तिच्या हातात पुन्हा नुसता गोळा राहिला.

"आता तू कुंभार झालंस," बाबाजी म्हणाला.

आणि दाराकडे बघत त्याने तिच्या बुडकुल्याबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं. पंख चांगले काढलेत, म्हणाला. काठ जड झालाय.

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण ती हसली. नंदावयनीही हसली. परसातून गौरवी हाक मारत आली तेव्हा तिघं मातीने माखलेली बसली होती, आणि देवकीच्या अंगात अशी काही हलकी उभारी भरली होती की तिला कुणाकडूनच काही नको होतं.

साईश खोपीबाहेरच उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक. तो आत आला नाही. देवकी हात धुवायला बाहेर आली तसा तो तिच्यामागे विहिरीपर्यंत गेला आणि म्हणाला, "आते, गवंड्याक शिमग्यानंतर ये म्हणून सांगू? तोपर्यंत तू हंय रव. चाकय ऱ्हवांदी."

तिने कळशीतलं पाणी हातांवर ओतलं. माती सुटून पायांवरून वाहत गेली. त्या क्षणी तिला वाटलं की मिळायचं ते मिळालं. दादाने तीन पायऱ्या उतरून पुन्हा पडायचं, ते तिच्या हौसेसाठी? चाक कोरगावला जाईल, दादाला गौरवी गाडीतून आणील, महिन्यातून एकदा, दोनदा. सवड आहे.

"नाका रे," ती म्हणाली. "आधी तेंची खोली बांध."

खोली दिवाळीच्या आत उभी राहिली. न्हाणीला बाबाजीच्या कंबरेएवढ्या उंचीवर धरायला दांडा लावला होता, तो साईशने स्वतः बसवला. कोरगावला बाबाजी एकदाच आला. प्राजक्ताच्या शेडमध्ये आपलं चाक बघून त्याने त्यावर तळवा टेकवला आणि चहा घेऊन परत गेला, कारण गाडीत त्याला मळमळायचं. पुन्हा येईन म्हणाला. शिमग्याच्या आधीच, दुपारी जेवून नव्या खोलीत पडला असताना, तो दादूसारखाच कुणाला हाक न मारता गेला.

देवकीने चाक सोडलं नाही. तिची माट्टीची बुडकुली लोक मागून नेऊ लागले, फागलाच्या अंगाची पणती मुलांना आवडायची, आणि काठ आता जड राहत नसे. मात्र कधी कधी, शेडमध्ये कुणी नसताना, ती गोळा वर उचलत आणी आणि मनगटं सैल सोडून बोटं थरथरवून बघे. भांड्यावर ओरखडे उठत. लाटा उठत नसत. ती ते भांडं मोडून टाके.

एकदा गौरवीने तिला विचारलं की मामाबरोबर काढलेलं ते एक भांडं ठेवायला हवं होतं, नाही का. न भाजता, कच्चंच, कुठेतरी फळीवर. कुंभाराने मोड म्हटल्यावर मोडायचं असतं, एवढंच देवकी म्हणाली. ते मोडताना आपल्याला किती आनंद झाला होता, हे तिने लेकीला सांगितलं नाही.